शेटजींसमोर गाठ सोडू नये

आमच्या दोंडाईच्यात चोर घरात शिरला तर त्याच्या हाती फारसं काही लागत नसे. गावाचं सोनं घरात नसायचंच. ते असायचं सोहनलालशेटच्या कापडदुकानात, मागच्या लोखंडी कपाटात. लेकीच्या बाळंतपणाला जायचं असो, लग्नाला सुरतेला जायचं असो, अजमेर असो की सप्तशृंगी असो, बाया आधी शेटच्या दुकानाची पायरी चढत. शेट गादीवरून उठायचे, मांजरपाटाच्या ताग्यातून हातभर कापड टर्रकन फाडायचे आणि पसरायचे. दागिने ज्याचे त्याने ठेवायचे, शेट हात लावत नसत. मग ते दोन गाठी मारायचे आणि म्हणायचे, "जा बेटा, आता बेफिकीर जा." पावती नाही, चिठ्ठी नाही. कापडाचे पैसेसुद्धा घेत नसत.

परत आलात की गाठोडं जसंच्या तसं हातात. रीत एकच होती. शेटजींसमोर गाठ सोडायची नाही. घरी जाऊन सोडा, देवासमोर सोडा, वाटेत रिक्षात सोडा. दुकानात सोडली तर तुम्ही शेटच्या सात पिढ्यांना चोर म्हटलं असं धरलं जायचं. एका मास्तरांची नवी सून नाशिकची होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने तिथल्या तिथे गाठ सोडली आणि पोत, पाटल्या, झुबे मोजून घेतले. शेट त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्लडप्रेशर वाढलं म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन आले. शेवटी मास्तर सुनेला घेऊन गेले, ती पाया पडली, तेव्हा कुठे ब्लडप्रेशर उतरलं. पोरीला मात्र गावाने 'मोजणी' हे नाव ठेवलं ते ठेवलंच.

मी कोकिळा. शेटच्या दुकानासमोर माझी पिठाची गिरणी आहे. मी दाणे तोलून घेते आणि पीठ तोलून देते, तरी लोक म्हणतात अक्का मूठभर मारते. समोर शेट काहीही न मोजता घ्यायचे आणि लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू.

पण माणूस प्रामाणिक होता. एवढी वर्षं समोर बसून पाहिलं, कुणाच्या गाठोड्यातला मणीसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. खोड एवढीच, की आपण प्रामाणिक आहोत हे त्यांना दिवसातून चार वेळा ऐकावं लागायचं. कुणी ऐकवलं नाही तर ते स्वतः विषय काढायचे. "काल एक जण म्हणत होता, शेट, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत," असं म्हणून ते समोरच्याकडे बघत बसायचे. समोरच्याला मग "खरंच आहे शेट" म्हणावंच लागायचं, नाहीतर साडीचा भाव कमी होत नसे.

शेटचा मुलगा अर्पित. पुण्याला शिकून आला तो साड्या विकायला तयार नव्हता. गिऱ्हाइकासमोर पंधरा साड्या उलगडायच्या आणि तिने "उद्या येते" म्हणून जायचं, हे त्याला अपमानाचं वाटायचं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं. हा वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा आणि खाली येऊन सांगायचा, आज एवढे कमावले. सुरुवातीला शेट घाबरले. त्यांना वाटलं, पोरगं सट्टा खेळतंय. मग अर्पितने बापाला अशी काही पट्टी पढवली की समोर बसून ऐकताना मलाही कौतुक वाटलं.

"पप्पा," तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच मी मोबाइलवर करणार. लोक डिजिटल नाणी घेणार आणि आपल्याकडे ठेवणार. आपण गाठ मारून देणार. ॲपचं नावच 'गाठोडी' ठेवलंय."

शेटचे डोळे भरून आले. तिथेच घात झाला.

कापसाच्या जिनिंगच्या आवारात सभा झाली. मीही गेले, चहा आणि कचोरी होती म्हणून. अर्पितने समजावून सांगितलं की ही नाणी हातात घेता येत नाहीत, ती कॉम्प्युटरच्या जाळ्यातच असतात आणि किल्ली ज्याच्याकडे त्याची ती असतात. किल्ली म्हणजे बारा शब्द. ते शब्द लक्षात ठेवा, कुणाला सांगू नका. विसरलात तर नाणी गेली, जगात कुणी परत देऊ शकत नाही. एवढं बोलून तो थांबला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

पुढच्या रांगेत आमच्या शेजारच्या खेड्यातला सुपडू बसला होता. मिरचीचा व्यापार करतो, दिसतो साधा पण पैसेवाला आहे. तो उठून म्हणाला, "आरे भाऊ, बायकोनी सांगेल दोन वस्तू माले बजारमा याद ऱ्हात नही, तठे बारा शब्द कोठे याद ठेवू?"

सगळे हसले. अर्पितही हसला. "म्हणूनच तर आपण आहोत ना काका. किल्ली आमच्याकडे ठेवा. तुमच्या मोबाइलवर आकडा दिसत राहील. खरेदी आमच्याकडे, विक्री आमच्याकडे, सांभाळ आमच्याकडे."

म्हणजे नाणी अर्पितकडे, किल्ली अर्पितकडे, पैसे अर्पितकडे आणि आपल्याकडे आकडा. हे एवढं सरळ त्या सभेत कुणी बोललं असतं तरी काही झालं नसतं, कारण स्टेजवर शेट फेटा बांधून बसले होते. सुपडू खाली बसता बसता म्हणाला, "शेटजी शे ना, मंग झायं. आपले काय इचारनं!"

माझे पैसे त्यात गेले नाहीत, पण त्याला माझी अक्कल कारण नाही. शेटच्या बायकोशी, राजकुंवरभाभीशी, माझा अबोला होता. माझ्या गिरणीचं पीठ उडून त्यांच्या दारात टांगलेल्या साड्यांवर बसतं म्हणून त्या काहीतरी बोलल्या, मी त्याहून जास्त बोलले, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो. ज्या घराशी बोलत नाही त्या घरात पैसे कसे ठेवणार? नाहीतर मीही ठेवले असते, आणि आज ही गोष्ट वेगळ्याच सुरात सांगितली असती.

पुढच्या दिवाळीपर्यंत गाठोडीचं काय झालं म्हणता! धुळ्यात ऑफिस झालं. मग जळगावला काचेचं ऑफिस झालं, आत इतका गारवा की लोक मोबाइल दाखवायच्या निमित्ताने उन्हातून येऊन बसायचे. रस्त्यारस्त्यावर फलक लागले. त्यावर नाण्याचं चित्र नाही, अर्पितचं नाही, फेटा बांधलेले सोहनलालशेट. खाली लिहिलेलं, 'शब्द म्हणजे शब्द'. ज्या माणसाला स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावता येत नाही तो खानदेशातल्या डिजिटल क्रांतीचा चेहरा झाला. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले रिटायर झालेले साहेब आले, वरणगावचे आले, भुसावळचे आले. आयुष्यभर भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं फंडाचे पैसे घेऊन आली आणि शेटशी हात मिळवून, फोटो काढून गेली.

मग अर्पितने स्वतःचंच एक नाणं काढलं. त्याचं नाव 'गाठ'. ते किती काढायचं हे त्यानेच ठरवायचं आणि भाव पहिल्यांदा त्यानेच लावायचा. मी उद्या गिरणीत बसून 'एक किलो पीठ' अशा चिठ्ठ्या फाडल्या, त्यांचा भाव मीच शंभर रुपये लावला आणि म्हटलं, बघा, मी करोडपती झाले, तर लोक मला वेड्यांच्या दवाखान्यात नेतील. अर्पितला लोकांनी जळगावला नेलं आणि तरुण उद्योजक म्हणून शाल दिली. ज्याने गाठोडीत पैसे ठेवले त्याला थोड्या 'गाठी' फुकट मिळायच्या, आणि भाव रोज चढायचा. न चढून सांगतो कुणाला?

आता खरी गंमत ऐका. ॲपमध्ये पैसे काढायचं बटण होतं. नव्हतं असं नाही. पण ते कुणी दाबलं की निरोप शेटच्या दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर यायचा आणि शेट स्वतः त्या माणसाला फोन लावायचे. ही कल्पना अर्पितची नव्हती, शेटची होती. कुणी गाठोडं परत मागतंय म्हणजे आपलं काही चुकलं असं त्यांना मनापासून वाटायचं. दुकानातला फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मलाही अख्खं संभाषण फुकट ऐकायला मिळायचं.

"साहेब, नमस्कार. सोहनलाल बोलतोय. तब्येत बरी आहे ना? नाही, पैसे काढताय असं दिसलं. आमचं काही चुकलं का?"

"नाही हो शेटजी, मुलीचं लग्न आहे."

"अरे वा! मुलीचं लग्न, आणि आम्हाला पत्रिका नाही? भरवसा उडाला वाटतं आमच्यावरचा."

पलीकडचे दीपनगरचे साहेब इतके शरमले की त्यांनी काढणं रद्द केलं, पत्रिका कुरिअरने पाठवली आणि लग्न पतपेढीचं कर्ज काढून उरकलं. शेट त्या लग्नाला गेले, पाचशे एक रुपये आहेर केला आणि वर मानपान घेऊन आले. अर्पित मित्रांना सांगायचा की देशात मोठमोठ्या एक्स्चेंजमधून लोक पैसे काढून नेतात, आमच्याकडचे नेत नाहीत, आमचं रिटेन्शन जबरदस्त आहे. भीड ही भिकेची बहीण, असं आमची आई म्हणायची. इथे त्याच भिडेवर अर्पितने कंपनी काढली होती.

अन्वर या सगळ्यात कसा आला ते सांगते, कारण ही गोष्ट त्याच्यावाचून पुढे जात नाही. अन्वर गाद्या भरतो. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्याचा गाळा होता, भाड्याचा. बाप त्याच गाळ्यात कापूस पिंजायचा. भारी मऊ स्वभावाचा माणूस. उधारी मागायला गेला तर स्वतःच माफी मागून परत येईल असा. व्याज घ्यायचं नाही हे त्याच्या घरात पक्कं, म्हणून बँकेत ठेव ठेवायची नाही. वर्षानुवर्षं जी बचत झाली ती नोटांच्या रूपाने शेटच्या कपाटात, मांजरपाटाच्या गाठोड्यात. कधी तरी गाळा विकत घ्यायचा, एवढी एकच इच्छा.

शेट त्याला म्हणाले, "अन्वर, नोटा कुजतायत कपाटात. हे व्याज नाही, हा भाव आहे. तुझं गाठोडं मोबाइलमध्ये बांधून टाकू." अन्वरला काही कळलं नव्हतं. तो "तुम्ही म्हणाल तसं, शेट" म्हणाला. घरी गेल्यावर मेहरुनने, त्याच्या बायकोने, विचारलं की नोटा कुठे आहेत, तर याने मोबाइल दाखवला. ती म्हणाली, "यातून एक नोट काढून दाखव बघू." हा म्हणाला, "शेटला काय वाटेल?"

आणि गाळ्याचा मालक, जो सुरतेला राहायचा, त्याने गाळा विकायला काढला. पहिला हक्क अन्वरचा म्हणून त्याने आधी अन्वरला विचारलं. अन्वरने बयाणा दिला. बाकीचे पैसे ईदनंतर पंधरवड्यात द्यायचे, नाहीतर बयाणा बुडाला आणि गाळा दुसऱ्याला. रमजानमध्ये अन्वरने ते बटण दाबलं. शेटचा फोन गेला. "अन्वर, तूसुद्धा?" एवढंच म्हणाले. अन्वरने तिथल्या तिथे रद्द केलं. मेहरुन माझ्याकडे ज्वारी दळायला आली होती, ती संतापून म्हणाली, "अक्का, पैसे आमचे आणि लाज पण आम्हालाच, हे कुठलं शहाणपण?" मी त्या वेळी हसले. आता हसू येत नाही.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि ईद एकाच दिवशी आली. गावात इकडे झोके बांधलेले, तिकडे शीरखुर्मा. अर्पित आणि त्याची बायको पलक सणाला घरी आले होते. त्या दिवशी त्या घरात जे झालं ते मला नंतर खुद्द राजकुंवरभाभीने सांगितलं. कधी आणि कसं ते पुढे येईलच.

जेवण झाल्यावर शेट वर गेले. गेले काही दिवस जळगावहून उलटसुलट कानावर येत होतं. कुणी म्हणत होतं, लोकांची नाणी पलकच्या नावावर काढलेल्या दुसऱ्या कंपनीत जातात आणि ती कंपनी त्यावर सट्टा लावते. तारण म्हणून काय ठेवलंय? तर 'गाठी', म्हणजे यांच्याच चिठ्ठ्या. शेट अर्पितला म्हणाले, "बेटा, मला एकदा दाखव. लोकांचं सगळं आहे ना जागेवर? एकच गाठोडं सोडून दाखव."

अर्पितने लॅपटॉप मिटला. "पप्पा, तुमचा माझ्यावर भरवसा नाही?"

भाभी दारात उभी होती. ती म्हणाली, शेट मागे वळले आणि जिना उतरले. उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं, एरवी धरत नाहीत. आयुष्यभर ज्या वाक्याने गावाची तोंडं बंद केली ते वाक्य पोराने बापाच्याच तोंडात कोंबलं, आणि बाप ते गिळून खाली आला. समोर गाठ सोडायची नाही ही रीत यांनीच घातलेली. पोराला कुठल्या तोंडाने सोड म्हणणार?

पण त्यांना कळलं होतं. भाभीलाही कळलं होतं. तिने त्याच दुपारी राजस्थानात भावाला फोन केला, "आजच्या आज काढून घे." शेट बाजूच्या पलंगावर पडले होते. त्यांनी ऐकलं आणि कूस बदलली. भावाचे पैसे संध्याकाळपर्यंत आले. त्याला शेटचा फोन गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे लाईट गेली होती. गिरणी बंद, म्हणून रस्त्यापलीकडचं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. अन्वर नवा कुर्ता घालून, वाडग्यात खजूर आणि सुकामेवा घेऊन शेटच्या पायरीशी उभा राहिला. आतल्या दारात भाभीचा पदर दिसत होता.

"शेट, एक बोलू का?"

"बोल की. ईद कशी झाली?"

"चांगली झाली. ते सुरतवाले पुढच्या आठवड्यात येतायत. म्हटलं, पैसे आजच काढून ठेवू का? म्हणजे तुम्ही म्हणाल तसं. रागवू नका."

शेटच्या हातात कापड मोजायचा गज होता. ते एक तागा मोजत होते, तो त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

"मोबाइलमध्ये काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळे दिसतायत. थोडे वाढलेच आहेत."

"मग झालं तर."

अन्वर खूश होऊन गेला. जाताना मलाही दोन खजूर देऊन गेला. शेट खोटं बोलले नाहीत. त्यांना खोटं बोलता येतच नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान होता. त्या दिवशी पैसे निघत होते. 'काढ' एवढा एक शब्द म्हटला असता तर गाळा अन्वरचा झाला असता. पण अन्वरला सांगितलं तर तो मेहरुनला सांगणार, मेहरुन गल्लीला सांगणार आणि फलकावरचा फेटा खाली येणार. मला आज बसल्या बसल्या त्या माणसाचा राग येतो, आणि येतोच.

पुढच्या आठवड्यात जगभर या नाण्यांचे भाव कोसळले. कुठल्या तरी परदेशी नाण्याचा फुगा फुटला आणि त्याच्याबरोबर सगळेच घसरले. मग मात्र लोकांनी भीड सोडली आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. शेटनी पहिले काही फोन केले. लोक ऐकेनात. दुपारी ॲपवर निरोप आला, 'देखभालीच्या कामासाठी सेवा थोडा वेळ बंद आहे.' जळगावच्या ऑफिसच्या काचा आतून कागद लावून झाकल्या गेल्या. कंपनीची नोंदणी कुठल्याशा बेटावर होती, ते बेट नकाशात शोधायला मास्तरांनासुद्धा भिंग लागलं. अर्पित शेवटपर्यंत सांगत होता की पैसे सुरक्षित आहेत, फक्त सध्या उपलब्ध नाहीत. पोलिसांनी त्याला इंदूरच्या हॉटेलातून आणला तेव्हाही तो हेच सांगत होता.

भाभी माझ्याकडे आली ती त्या दिवसांत. मागच्या दाराने आली आणि पिठाच्या डब्यावर बसली. म्हणाली, "कोकिळा, गावात आता आमच्याशी कुणी बोलत नाही. तू आधीपासूनच बोलत नव्हतीस, म्हणून तुझ्याकडे आले." मला हसावं की रडावं कळेना. मी चहा केला. तिने आखाजीच्या दिवशीचं सगळं सांगितलं आणि भावाच्या फोनाचं सांगताना पदराने तोंड झाकलं. तिच्या जागी मी असते तर मीही आधी भावालाच फोन केला असता. पण त्यानंतर समोर गाद्यावाला आला असता तर निदान डोळ्यांनी तरी खुणावलं असतं.

मग एक दिवस गाव दुकानात आलं. मोबाइलमधल्या गाठोड्यांचं काही होणार नाही हे कळून चुकलं होतं. आता प्रश्न कपाटातल्या खऱ्या गाठोड्यांचा होता. रांग लागली. शेट एकेक गाठोडं काढून नाव घ्यायचे आणि पुढे करायचे. सुपडूचा नंबर आला. त्याने गाठोडं हातात घेतलं, शेटकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेटजी, राग मानू नका. मी हाई आठेच सोडस."

त्याने गल्ल्यावरच गाठ सोडली. बायकोची एकदाणी, गोठ, सगळं एकेक उचलून पाहिलं. एकदाणीतले मणी बोटाने मोजले. "बठ्ठं बरोबर शे," तो हळूच म्हणाला, जसं काही कमी निघालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग मागच्या बाईने सोडलं. मग तिच्या मागच्याने. गल्ल्यावर मांजरपाटाच्या चिंध्यांचा ढीग झाला. एकाही गाठोड्यात एक गुंज कमी नव्हती, आणि तरी प्रत्येक जण मोजत होता. शेट पुढचं नाव घेत राहिले. त्यांचा आवाज बसला होता, पण त्या दिवशी ब्लडप्रेशर वाढलं नाही. वाढलं असतं तरी माफी मागायला कोण जाणार होतं?

अन्वर रांगेत नव्हता. त्याचं गाठोडं त्या कपाटात राहिलंच नव्हतं. सुरतवाला आला आणि गेला, बयाणा बुडाला. गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान लागलं. आता अन्वर सायकलवर सामान बांधून लोकांच्या अंगणात जाऊन गाद्या भरतो आणि पावसाळ्यात घरी बसतो.

दुकान रिकामं झाल्यावर तो आला. मी पायरीवरच होते, भाभीसाठी पीठ घेऊन गेले होते. शेटनी त्याला बघितलं आणि उठून उभे राहिले.

"अन्वर," ते म्हणाले, "त्या सकाळी मी तुला ठेव म्हटलं नव्हतं."

"नाही, शेट," अन्वर म्हणाला. "काढ पण म्हटलं नव्हतं."

शेट गादीवर बसले. मग म्हणाले, "हे दुकान आहे, घर आहे. विकीन. तुझे पैसे मी देईन. दुसऱ्या कुणाचे देता आले नाहीत तरी तुझे देईन. माझा शब्द आहे."

मला वाटलं, अन्वर आता रडेल किंवा नेहमीसारखा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल. त्या मऊ माणसाने खिशातून पेन काढलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"शब्द नको, शेट," तो म्हणाला. "लिहून द्या."

शेटनी कोरा कागद शोधला. साड्यांच्या बिलाच्या मागच्या बाजूवर लिहिलं, दोनदा खोडलं, सही केली. अन्वरने कागद शेटच्या समोरच उभं राहून वाचला. एकदा वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला म्हणाला, "अक्का, साक्षीला तुमची सही." मी केली. मग त्याने कागद वळवून पुन्हा शेटपुढे सरकवला.

"तारीख राहिली, शेट."